"सबमिट केला तर कळेल ना, मी एवढीच आहे"

मी समुपदेशन करते, आणि गेल्या वर्षभरात हा फोन मला कितीतरी वेळा आलाय. बहुतेक आईचाच असतो, न्यू जर्सीहून नाहीतर टेक्ससहून, मुलगा किंवा मुलगी युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला, ऑनर्स प्रोग्रॅममध्ये, लहानपणापासून हुशार, आणि आता सीनियर थीसिस अडकलाय. "मॅडम, तीन वर्षं ए सोडून ग्रेड नाही हिला आणि हा एक प्रोजेक्ट पुरा होत नाहीये, नुसती दार लावून बसते." म्हणून आज एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, तिची परवानगीही घेतलीय. तिला आपण सई म्हणू.

ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ऑनर्सच्या मुलांना शेवटच्या वर्षी स्वतःचा विषय निवडून संशोधन करावं लागतं. साधारणपणे फॉलमध्ये म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्रात प्रपोजल, स्प्रिंगमध्ये म्हणजे दुसऱ्या सत्रात लिखाण, एक गाइड, एक दुसरा वाचणारा प्रोफेसर, एप्रिलच्या आसपास तोंडी डिफेन्स आणि मेमध्ये ग्रॅज्युएशन. माणसांवर संशोधन करायचं असेल तर आयआरबी नावाच्या समितीकडून आधी हिरवा कंदील घ्यावा लागतो. सईने ते सगळं वेळेत केलेलं. विषयही किती छान, न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आजी आणि नातवंडं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात. चौदा मुलाखती रेकॉर्ड करून तयार होत्या.

पहिलं सेशन फेब्रुवारीतल्या शनिवारी, पुण्यात माझे रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे साडेनऊ. "काकू, मी खूप आळशी झालेय." मी म्हटलं स्क्रीन शेअर कर, फाइल दाखव. गूगल डॉक्सची वर्जन हिस्टरी उघडली तर पहिला परिच्छेद ऑक्टोबरपासून जवळजवळ रोज बदललेला, कधी एक शब्द, कधी सगळाच्या सगळा, कधी पहाटे तीन वाजता. आणि तिसऱ्या चॅप्टरखाली नुसता मथळा. मी एवढंच म्हटलं, "अगं, आळशी माणूस पहाटे तीनला उठून तोच परिच्छेद परत लिहितो का?" ती रडायलाच लागली.

पुढची दोन सेशन्स आम्ही तिच्या वाक्यातल्या 'च' वर घालवली. थीसिस उत्तमच झाला पाहिजे, गाइडला आवडलाच पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विचारपद्धती मांडली ती मला आजही सगळ्यात जवळची वाटते, कारण माणसाला नुसती इच्छा फारशी छळत नाही, तिची सक्ती झाली की छळते, आणि आपल्या मराठीत ही सक्ती त्या एका अक्षरात ऐकू येते. सईला हे पटत होतं पण लिहून काही होत नव्हतं. डोक्याला पटलं म्हणजे हात चालायला लागतो असं नसतं, हे मी अठरा वर्षं बघतेय.

मग चौथ्या सेशनमध्ये मी साधा प्रश्न विचारला. "समज, आहे तसाच उद्या दिलास, तर काय होईल?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं नेट गेलं. मग अगदी हळू, "सबमिट केला तर कळेल ना काकू, मी एवढीच आहे."

"आणि नाही केला तर?"

"तर... निदान असं वाटतं की चांगला होऊ शकला असता."

या वाक्यानंतर मी पेन खाली ठेवलं. अशा मुलांना आपण वेळेचं नियोजन शिकवत बसतो, टाइमटेबल करून देतो, पण खरी गोष्ट ही की अपुरा प्रोजेक्ट त्यांची हुशारी सांभाळून ठेवत असतो. जोवर दिला नाही तोवर त्याला कुणी साधारण म्हणू शकत नाही. आयुष्यभर दुसऱ्याने काढलेली प्रश्नपत्रिका सोडवली, पैकीच्या पैकी मिळवले, आणि आता प्रश्नही स्वतः काढायचाय, उत्तरही स्वतःचं, आणि मार्कांखाली लपायला जागा नाही. हे कळलं ना, की मुलावर रागावणं आपोआप थांबतं.

तिला मी एकच गोष्ट करायला सांगितली. तिसरा चॅप्टर आहे त्या अवस्थेत, चुकांसकट, सोमवारी गाइडला पाठवायचा. त्याआधी मला तोंडी सांगायचा. तर ती एका साताऱ्याच्या आजींबद्दल बोलायला लागली, ज्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या फ्लॅटमधल्या बाथरूमला न्हाणी म्हणतात, आणि त्यांचा सात वर्षांचा नातू घरी न्हाणी म्हणतो, शाळेत बाथरूम, आणि आजीला फोनवर चिडवताना मुद्दाम बाथरूम म्हणतो. दहा मिनिटं बोलली, चेहरा पूर्ण बदललेला. मी म्हटलं हेच टाइप कर, जसं बोललीस तसं. चार पानं झाली, गाइडला गेली, लाल खुणा होऊन परत आली आणि सई जिवंत होती!

तुमच्याही घरात असं चालू असेल तर गाइडपासून लपणं आधी बंद करायला लावा. दोन महिने ईमेलला उत्तर न देणारी मुलं मी पाहिलीत, आणि बहुतेक वेळा गाइड रागावलेला नसतो, काळजीत असतो. विषय फार पसरला असेल तर चौदाच्या जागी आठ मुलाखती चालतील का हे त्यालाच विचारायचं. ऑनर्सच्या ऑफिसात जाऊन हेही स्पष्ट विचारा की थीसिस नाही झाला तर डिग्री मिळते का, बऱ्याच ठिकाणी मिळते, फक्त ऑनर्सचा उल्लेख जातो. ही माहिती हातात आली की छातीवरचा निम्मा दगड उतरतो. आणि महाराष्ट्रातल्या पालकांनाही हे सांगून ठेवते, कारण यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार आपल्याकडेही चौथं वर्ष आलंय, सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर रिसर्चसह ऑनर्स, त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध. म्हणजे इथेही वर्गातली सगळ्यात हुशार मुलंच या वाटेने जाणार.

सईच्या आईला मी फक्त "झालं का?" हा प्रश्न बंद करायला सांगितला होता. त्यांनी त्याच्या पुढचं केलं. एका रात्री लेकीच्या शेजारी बसून ते रेकॉर्डिंग ऐकलं, आजींचे तीन शब्द सईला कळत नव्हते ते समजावून सांगितले, आणि मग स्वतःच्या आजोळच्या न्हाणीबद्दल, तिथल्या तांब्याच्या बंबाबद्दल बोलत राहिल्या. सईने फोनचं रेकॉर्डिंग परत चालू केलं. थीसिसमधली पंधरावी मुलाखत तिच्या आईची आहे.