तिसरी खुर्ची कुठे आहे?

प्रश्न : मी दिचोलीचा, वय २४. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) झालंय, उड्डाणाचे २१५ तास आहेत, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (केवळ उपकरणांवर विमान उडवण्याची पात्रता) आहे. दीड वर्ष नोकरी नाही. मला मालवाहू विमानांवरच जायचंय. म्हापशात भेटलेला एक एजंट सांगतो, परदेशात फ्लाइट इंजिनियरचा कोर्स कर, कार्गो कंपन्या अशा पायलटला आधी उचलतात. नऊ लाख लागतील. सीपीएलसाठी पप्पांनी कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) एक तुकडा आधीच विकलाय. काय करू, सर?

उत्तर : बाबा, नऊ लाख देऊ नकोस. हे मी सांगतोय, ज्याने सतरा वर्षं फ्लाइट इंजिनियरच्या त्याच खुर्चीवर बसून पोट भरलं. बोईंग ७४७-२०० मध्ये दोघा वैमानिकांच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून माझी जागा. समोर भिंतभर घड्याळं नि स्विच : चार इंजिनांचं तापमान, इंधन, हायड्रॉलिक, वीज, केबिनचा दाब. टेकऑफला खुर्ची पुढे फिरवून कॅप्टनच्या हातामागून थ्रस्ट (इंजिनांचा जोर) जुळवायचा. कुठल्या टाकीतलं इंधन कधी कुठे वळवायचं हे मला झोपेतही येई. (बायको म्हणते, अजून येतं.)

तुझा एजंट सगळंच खोटं बोलत नाही. शिळं बोलतोय. अमेरिकेत एके काळी हे खरं होतं. तिथल्या मोठ्या कार्गो कंपन्यांकडे ७२७, डीसी-८, डीसी-१० अशी तीन माणसांची विमानं होती आणि नवा वैमानिक आधी मागच्या पॅनेलवर बसे. एकदा हॉटेलच्या बसमध्ये ७२७ वरचा एक पोरगा भेटला होता. म्हणाला, "बसतो पॅनेलवर, पण डोळा उजव्या खुर्चीवर." म्हणजे सहवैमानिकाच्या. वरचा कॅप्टन निवृत्त झाला की रांग सरके, हा पुढे जाई. त्यामुळे तिथली पोरं फ्लाइट इंजिनियरची लेखी परीक्षा आधीच देऊन ठेवत, अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. म्हणजे त्या कागदाला किंमत होती ती पुढच्या खुर्चीमुळे.

ती खुर्चीच गेली. १९८१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने नव्या विमानांना दोन वैमानिक पुरेसे आहेत असा निर्वाळा दिला. ७५७ आणि ७६७ दोघांचीच आली. १९८९ मध्ये ७४७-४०० सेवेत आलं तेव्हा माझी अख्खी भिंत काँप्युटरने गिळली. कार्गोवाले जुनी विमानं जास्त वर्षं चालवतात म्हणून तिथे आम्ही थोडे उशिरा संपलो, एवढंच. फेडेक्सने तर डीसी-१० च्या कॉकपिटमधून इंजिनियर काढून टाकून त्यांची दोघांची एमडी-१० केली आणि २०१३ मध्ये शेवटचं ७२७ही निवृत्त केलं.

लांब कशाला, दाबोळीला बघ. नौदलाची इल्युशिन-३८ ही सागरी टेहळणीची विमानं १९७७ पासून इथे होती, त्यांत फ्लाइट इंजिनियर असे. त्यांतला एक माझा शेजारी, वास्कोच्या मासळी बाजारात रोज भेटतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटचं इल्युशिन-३८ निवृत्त झालं. आता तिथून पी-८आय उडतं, ते मुळात बोईंग ७३७. पुढे दोन वैमानिक, तिसऱ्याला पॅनेल नाही.

आता भारतातला कार्गो. ब्लू डार्टची ७५७ आणि ७३७, इंडिगोची मालवाहू ए३२१, सगळी दोघांची. इंडिगोचं ते ए३२१ म्हणजे ए३२० घराण्यातलंच. प्रवासी विमानाच्या उजव्या खुर्चीवर जमवलेले तास तिकडेही तेवढेच मोजतात. कार्गोची वाट प्रवाशांच्या दारातून जाते, त्यात कमीपणा मानू नकोस. मानत असशील असं तुझ्या पत्रातल्या त्या 'च' वरून वाटलं.

फ्लाइट इंजिनियरची जागा असलेली मालवाहू विमानं जगात अजून आहेत : इल्युशिन-७६, अँटोनोव्ह-१२४, तुरळक ७२७. पण त्या पॅनेलवर कंपनी आपली माणसं बसवते आणि त्या विमानाचं शिक्षणही स्वतः देते. तेव्हा एजंटला एवढंच विचार : कुठल्या कंपनीत, कुठल्या विमानावर, लेखी ऑफर कुठे आहे? ऑफर असेल तर कोर्सचे पैसे कंपनीच भरेल. नसेल तर तो तुला गाडी सुटून गेल्यावर तिकीट विकतोय.

पैसे असतीलच तर आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकल ताजं ठेव. एटीपीएल (कॅप्टन होण्यासाठी लागणारं) लायसन्सला १५०० तास लागतात, पण लेखी पेपर त्याआधीही देता येतात, ते देऊन टाक. टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाची पात्रता) मात्र भरती निघाल्याशिवाय स्वतःच्या खिशातून करू नकोस; रेटिंग एका विमानाचं आणि जागा दुसऱ्याच विमानाची, अशी फसलेली पोरं मी पाहिली आहेत.

आणि सिस्टिम शिकायची हौस असेल तर फुकट शिकवतो. माझी ७४७ ची जुनी मॅन्युअलं चिखलीच्या घरात कपाटावर पडून आहेत, वाळवी लागायच्या आत कुणीतरी वाचलेली बरी. पप्पांनाही घेऊन ये. उरलेल्या पोफळींचा विषय त्यांच्याशीच बोलायचाय.