परशुराम घाटात अँबॅसिडरचा क्लच सुटतोय? गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच स्लिपच होतोय, त्याची प्लेट पकड सोडून घसरतेय. खात्री करायची तर सपाटीवर हँडब्रेक घट्ट ओढ, तिसरा गिअर टाक, थोडा रेस देऊन पेडल हळू सोड. इंजिन लगेच बंद पडायला हवं. फिरतच राहिलं तर स्लिप. एकदाच कर रे, दहादा केलंस तर उरलीसुरली प्लेटही जाळशील!

आता पेडलची मोकळी चाल बघ, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल किती सहज दबतं ते. अजिबात नसेल तर क्लच सोडवणारं बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट पूर्ण पकडत नाही. अँबॅसिडरचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा जोर तेलाच्या दाबाने पोचतो, म्हणून आणखी एक गंमत: स्लिप होत असतानाच क्लचजवळच्या खालच्या सिलिंडरचं ब्लीड निपल (तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) जरा सैल कर. तेल पिचकारीसारखं उडालं आणि क्लच पकडला, तर दोष प्लेटचा नाही. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर किंवा आतून फुगलेला होज (तेलाची रबरी नळी) दाब सोडत नाहीये. माझ्या गाडीत हेच निघालं, तेही चिपळूणच्या मिस्त्रीने नवी प्लेट गळ्यात मारल्यावर.

हे सगळं ठीक असेल तरच गिअरबॉक्स उतरव. प्लेट तेलकट दिसली तर आधी तेल गळू न देणारं ऑइल सील बदल.