प्रवासात नोंदी, चित्रं आणि तिकिटं यांसाठी कोणती वही घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे की नागपूरहून पेंच, ताडोबा आणि पुढे पचमढी असं फिरायचंय. रोजच्या नोंदी, थोडी जलरंगातली चित्रं आणि तिकिटं हे सगळं एकाच वहीत राहावं, तर कोणती ट्रॅव्हल नोटबुक चांगली. मी नागपूरचाच. जंगलात आणि रेल्वेत वही घेऊन हिंडायची जुनी सवय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रँडचं नंतर बघू. आधी हे ठरवा, की तुम्ही प्रत्यक्ष लिहिणार कधी आणि कुठे. हलत्या जिप्सीत (सफारीची उघडी गाडी), की रात्री मुक्कामी टेबलापाशी बसून? आकार, पुठ्ठा, कागद, शिलाई, सगळं यावरूनच ठरतं. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता, तेव्हा किनाऱ्यावर उतरताना तो खिशात मावणाऱ्या छोट्या वह्या न्यायचा. त्यात बहुतेक पेन्सिलीने, तुटक तुटक. सविस्तर डायरी मात्र वेगळी. मलाही हीच पद्धत पटते.

ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत. म्हणजे वेळ, जागा, काय दिसलं हे टिपायला हातात वहीच उरते. जिप्सीत दोन ओळींच्या वर लिहून होत नाही. ‘६.४०, सांबराचा कॉल (म्हणजे धोक्याची हाक), पाणवठ्याच्या डावीकडे’ एवढंच. यासाठी ९ × १४ सेंमीची, शर्टाच्या खिशात जाणारी वही पुरते. पुठ्ठा मात्र कडक हवा, कारण खाली टेकवायला काही नसतं. मऊ कव्हरची वही एका हातात धरून लिहून बघा, दुसऱ्या ओळीलाच वाकते. इथे स्पायरल चालेल, पान पूर्ण मागे दुमडता येतं. फक्त तार बॅगेत दबून वाकडी होते आणि मग पानं अडकतात, म्हणून ती वही खिशातच ठेवायची.

लिहायला पेन्सिल किंवा साधं बॉलपेन. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, बॉलपेनची शाई तेलकट असल्याने सहसा टिकते. शाईपेनाच्या बहुतेक शाया मात्र एका सरीत वाहून जातात. आणखी एक नागपुरी सूचना: घासून पुसता येणारी जेल पेनं मिळतात, ती प्रवासात नकोतच. त्यांची शाई साधारण ६० अंशांला अदृश्य होते. पुसताना घर्षणाची उष्णता तेच काम करते. नवतपाच्या (मेअखेरचे कडक तापाचे नऊ दिवस) उन्हात बंद कारच्या डॅशबोर्डवर वही राहिली तर पानंच्या पानं कोरी होऊ शकतात. वही फ्रीझरमध्ये ठेवली की अक्षरं बऱ्याचदा परत दिसतात, पण तो खटाटोप कशाला?

रात्री लिहायची वही वेगळी, ए५ म्हणजे १४.८ × २१ सेंमीची. हिच्यात सगळ्यात महत्त्वाची शिलाई. बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) दुकानात उभे असाल तर वही मधोमध उघडा आणि टेबलावर सोडून द्या. सपाट पडून राहिली आणि काही पानांच्या गठ्ठ्यांच्या मध्ये दोरा दिसला, तर ती शिवलेली आहे. नुसती गोंदाने चिकटवलेली असेल तर मिटायला बघते, आणि जबरदस्तीने दाबली तर पाठ तडकून पानं सुटायला लागतात. मग दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर स्वतःच्या पेनाने एक ओळ लिहा, पान उलटा, मागे किती उमटलंय ते बघा. कव्हर लेदरचं आहे की रेक्झिनचं, यापेक्षा या दोन गोष्टींवर मी वही घेतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ८० जीएसएमचं ए५ पान अडीच ग्रॅमचं, म्हणजे शंभर पानं पाव किलो. जलरंगाला २०० ते ३०० जीएसएमचा कागद लागतो. त्याखाली कागद सुरकुततो आणि रंग मागे उतरतो. पण २०० जीएसएमची शंभर पानं सव्वासहाशे ग्रॅम भरतात, आणि एवढं ओझं रोज खांद्यावर कोण वागवणार? एकच वही तुम्हाला अडचणीची होईल असं मला वाटतं ते यामुळेच. चित्रांचा कागद लिहायला जड पडतो आणि लिहायच्या कागदावर चित्र खराब होतं.

तरीही सगळं एकत्रच हवं असेल तर उत्तम तोड आहे. २००६ साली जपानमध्ये मिदोरी या वह्यांच्या ब्रँडने ट्रॅव्हलर्स नोटबुक काढली: चामड्याचं एक कव्हर, त्यात इलॅस्टिकने अडकवलेल्या पातळ सुट्या वह्या. एक भरली की काढून दुसरी लावायची. आतल्या वहीचा आकार ११ × २१ सेंमी. आतल्या वह्या घरी करणं अगदी सोपं आहे. ए४ कागद २१ सेंमी रुंदच असतो. लांबी २२ सेंमीवर कापा, मधोमध घडी घाला, झाला आकार. असे सोळा कागद एकात एक घातले की ६४ पृष्ठांची वही. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. दोरा मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत आणून गाठ मारा. एक वही साध्या कागदाची, एक जाड कागदाची (तिला चार-पाच कागद बास). हाताने शिवायचा कंटाळा असेल तर कोणताही बाइंडर करून देईल, कव्हरसकट.

तिकिटांसाठी गोंदाची बाटली नको, कागद फुगतो. ग्लू स्टिक घ्या. चिकटवत गेलं की वही एका बाजूने जाड होते, म्हणून अधूनमधून एखादं पान कापून बोटभर पट्टी शिवणीपाशी ठेवायची. आणि मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात, उष्णतेने त्यावरचं पुसट होतं. तारीख, ठिकाण, रक्कम त्याच दिवशी शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा.

पावसाळ्यात जाणार असाल तर दोन्ही वह्यांना झिपची प्लास्टिक पिशवी हवीच. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर (आतलं मुख्य जंगल) बंद असतो, बफरमध्ये (त्याभोवतीच्या पट्ट्यात) फिरता येतं, पण तिथे सर कधी येईल याचा नेम नाही.

तुम्ही शाईपेनाने लिहिता का, हे प्रश्नात नाही. लिहीत असाल तर रात्रीच्या वहीचा कागद १०० जीएसएमच्या आसपास बघा आणि दुकानात तेच पेन, तीच शाई घेऊन जा. दमट हवेत शाई जास्त पसरते, त्यामुळे दुकानात थोडीशी जरी पसरली तरी ती वही सोडून पुढची मागा.