विषय सुटला तर सुटू दे

बाळा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, लागून तुला महिनाही झाला नाही, म्हणून आधीच सांगतो. रात्री मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कास्टिंगची, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या वस्तूंची, चर्चा रंगते, तेव्हा कुणी विषय सोडून बोलू लागला तर ‘मुद्द्यावर या’ असं लिहू नकोस.

मागच्या पावसाळ्यात मी ब्लोहोलबद्दल, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीबद्दल, विचारलं होतं. उत्तर सरळ होतं: साच्याच्या वाळूत पाणी जास्त. बेंटोनाइट ही चिकणमाती मिसळलेल्या ओल्या वाळूला साधारण ३ ते ४ टक्के ओल पुरते. जास्तीच्या पाण्याला वितळलेलं लोखंड भिडलं की त्याची वाफ होते, ती सुमारे १६०० पट फुगते आणि कास्टिंगमध्ये पोकळी सोडते. दोन ओळींत काम झालं.

पण खानापूरच्या एकाने मध्येच विचारलं, कुंभार मातीची ओल कशी ओळखतो? तिथून गाडी जी सुटली! कौलं, भट्ट्या, चाकावरची माती, कुणाच्या आजीची चूल. तासभर. त्यातच साचे बनवणाऱ्या एका जुन्या मोल्डरने लिहिलं: मूठभर वाळू घट्ट दाब, मग मधोमध मोड. कडा स्वच्छ तुटल्या तर ओल बरोबर, हाताला चिकटली तर जास्त, भुगा झाला तर कमी. ओल मोजायचं यंत्र असूनही मी हे रोज करतो, आणि करताना ती रात्र आठवून बरं वाटतं.

तुझा प्रश्न मात्र नीट विचार. धातू कोणता, वाळू कुठली, फोटो उजेडात काढलेला. उत्तर मिळालं की लगेच उठू नकोस, बस जरा. शेजारचा कन्नड मित्र वाळूला ‘उसुकु’ म्हणतो, एवढंही लिहिलंस तरी चालेल.