लाल ठिपका रोज का सरकतो?

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळ म्हापशाचा, आता ग्रीन कार्डवर टेक्ससला असतो, चतुर्थीला घरी आलोय म्हणून लिहितो. तिकडे माझ्याकडे एआर-15 टाइपची सेमी ऑटोमॅटिक रायफल आहे, फक्त रेंजवर चालवतो. तिच्यावर रेड डॉट बसवला, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं यंत्र. पहिल्या दिवशी 50 यार्डांवर मस्त लागत होतं, पुढच्या रविवारी सगळं 3 इंच खाली. डॉटवरचा नेम जुळवायचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून नीट केलं तर त्याच्या पुढच्या वेळी परत भलतीकडेच. शिवाय ठिपका गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा दिसतो. माल खराब निघाला का, परत पाठवू?

उत्तर : घाई नको करू रे. ठिपक्याचं सोपं आहे ते आधी उरकतो. मोबाइलने डॉटच्या काचेतून ठिपक्याचा फोटो काढ. फोटोत गोल आला आणि तुला मात्र शेपटी दिसतेय, तर डॉट ठीक आहे, तुझ्या डोळ्याला अॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या गोलाईतला दोष) असणार. आलाच आहेस तर चष्म्याचा नंबर तपासून जा, आणि ब्राइटनेस कमी ठेव, लोक भर उन्हातली सेटिंग शेडखाली तशीच ठेवतात आणि मग ठिपका फुटलेला दिसतो म्हणून ओरडतात.

आता सरकण्याचं. मी बावीस वर्षं आर्मीत हत्यारं दुरुस्त केली, आणि नेम सरकतो म्हणून जेवढी माझ्याकडे आली त्यात काच बिघडलेली फार थोडी, बाकी सगळा स्क्रूचा खेळ. मीही एकदा अख्खी सकाळ झीरोइंग, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी आणणं, करत बसलो होतो, दुपारी बघतो तर माउंट, म्हणजे डॉट रायफलला धरून ठेवणारी बैठक, हाताने हलतोय.

तर घरी गेलास की पहिल्यापासून काढून बसव. आधी मॅगझिन काढ, मग बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून अडकव, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघ आणि बोट घालून पण बघ. हाच क्रम, कारण मॅगझिन आत ठेवून बोल्ट ओढलास तर सोडताना नवी गोळी चेंबरमध्ये जाते, सेमी ऑटोचं कामच ते आहे. मग माउंट कुठे बसलाय ते बघ. पूर्ण माउंट वरच्या रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट असतो त्या मधल्या भागाच्या, रेलवर (खाचांच्या पट्टीवर) पाहिजे. अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा पुढच्या हँडगार्डवर (नळीभोवतीच्या आवरणावर) असेल तर तिथेच चूक, हँडगार्ड थोडा वाकतो, बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) टेकवलास की वाकतो, पट्टा ओढलास की वाकतो. रेलचे आणि स्क्रूचे तेल पुसून काढ. माउंट खाचेत ठेवलास की पुढे, नळीच्या दिशेने ढकलून धर आणि मग आवळ. फायर झाल्यावर रायफल मागे येते, डॉट जागीच राहू बघतो, म्हणजे रायफलच्या हिशेबाने तो पुढेच सरकणार, मग आधीच पुढे टेकवलेला बरा. किती आवळायचं ते कंपनीच्या कागदावर इंच-पाउंडात लिहिलेलं असतं, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) घे, मनगटाच्या अंदाजावर जाऊ नको. शेवटी पेंट मार्करने स्क्रूच्या डोक्यावरून खाली माउंटवर एक रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, एवढं सोपं.

टेस्टिंग 25 यार्डांवरून सुरू कर. गोळ्या फुकट घालवायच्या नसतील तर दोन पिना काढून वरचा भाग सुटा कर, बोल्ट कॅरियर बाहेर घे, भाग नीट टेकवून नळीतून टारगेटचा मध्य बघ आणि ठिपका साधारण तिथे आण. म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर येते. मग 50 वर 5 गोळ्यांचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या), आणि क्लिक फिरवायचे ते ग्रुपच्या मध्यावरून, एका गोळीवरून नाही. एमओए हे कोनाचं माप, एक एमओए म्हणजे 100 यार्डांवर साधारण 1 इंच, 50 वर अर्धा. तुझा डॉट अर्ध्या एमओएचा क्लिक देत असेल तर 50 वर एका क्लिकला पाव इंच, म्हणजे तुझ्या 3 इंचांना 12 क्लिक. अगदी जवळ, 7-8 यार्डांवर मारून बघशील तर गोळी दोन इंच खाली लागेल, घाबरू नको, एआरवर डॉट नळीच्या मध्यापासून साधारण अडीच इंच वर बसतो, तो फरक आहे.

झीरो झाला की 20 क्लिक वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर 3 गोळ्या. चौकोन पुरा होऊन शेवटचा ग्रुप पहिल्या जागी आला तर आतली यंत्रणा बरोबर. मग रायफल गाडीत टाकून घरी ने, पुढच्या रविवारी त्याच गोळ्या घेऊन जा, क्लिकला हात न लावता पहिला ग्रुप मार. रेघा जागेवर आहेत, चौकोन पण जुळला होता, आणि तरी सरकलं, तर खुशाल परत पाठव, मी काही म्हणणार नाही.

प्रश्न : मी वाळपईचा निवृत्त शिक्षक. .177 इंची छऱ्याची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, तिच्यावर स्कोप लावला तर तो मागे मागे सरकत जातो, आणि आता आतली फुलीच तिरकी झाली. एअरगनला असा कितीसा धक्का असतो? बागेत माकडांचा भारी त्रास आहे.

उत्तर : सर, धक्का जोराचा नाही पण वाईट आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटला की उलट पुढे झटका मारते. साधा स्कोप एकाच दिशेचा धक्का खायला बनवलेला असतो, मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप इथे थोड्या दिवसांत मोडतो. तुमचा बहुतेक मोडलाच आहे. नवा घेताना एअरगनसाठी म्हणून बनवलेला घ्या, 10 यार्डांइतक्या जवळच्या वस्तूवरही फोकस करता येणारा. माउंट 11 मिलिमीटर डोव्हटेलचा (बंदुकीवरच्या तिरक्या खाचांत बसणारा), एकसंध, आणि ज्याची स्टॉप पिन रिसीव्हरवरच्या भोकात बसते असा. ती पिन नसली तर कितीही आवळा, सरकणारच. नेम धरताना पुढचा हात सैल, बंदूक तळहातावर नुसती ठेवल्यासारखी. गच्च धरली की दर छऱ्याला जागा बदलते.

पावसात स्कोप कपाटात बंद करू नका, आपल्याकडे काचेवर बुरशी धरते आणि ती निघत नाही. आणि माकडांवर छरा नाही हं सर, आपल्याकडची माकडं आणि वानर दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. पुठ्ठ्यावर मारा, मागे मातीचा ढीग ठेवा, शेजाऱ्याला आधी सांगा.