आमची नवी गाडी आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की बारा वर्षं वापरलेली हॅचबॅक विकून आम्ही मारुतीची ग्रँड विटारा घेतली, स्ट्राँग हायब्रिडवाली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवर चालणारी. आता सात महिने झाले, गाडी नऊ हजार किलोमीटर फिरली. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. रोजचा रस्ता धायरी ते हिंजवडी, आणि दीड-दोन महिन्यातून एकदा चिपळूण, माझं माहेर. तेवढ्या एका लेखावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना सगळा प्रश्नांनाच दिलाय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून एकत्र केलेत, कुणाचा सुटला असेल तर राग मानू नका.

ताई, क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय? शोरूमवाला एसयूव्ही म्हणतो, मुलगा क्रॉसओव्हर म्हणतो. — एक वाचक, सांगली

मुलगा बरोबर आहे. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ-एन घ्या, त्यांना खाली वेगळी लोखंडी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. क्रेटा, सेल्टोस, आमची ग्रँड विटारा, यांची चासी आणि बॉडी एकच, कारसारखीच, फक्त उंची वाढवलेली. त्यामुळे बसायला उंच, खड्ड्यात खाली घासत नाही (आमचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलीमीटर आहे), पण चालवताना कारसारखी वाटते, वळणावर सुमोसारखी डुलत नाही. नांगरलेल्या शेतातून न्यायची गाडी ही नव्हे. हायब्रिडमध्ये तर ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते.

हायब्रिड म्हणजे घरी चार्ज करावी लागते का? आणि २८ चं मायलेज खरंच मिळतं का? — नाशिकहून तिघांनी विचारलंय

चार्ज करायची नाही. प्लग लावायला जागाच नाही गाडीला. पेट्रोल भरायचं आणि चालवायची, बस्स. हिच्यात १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे आणि सोबत इलेक्ट्रिक मोटर, दोन्ही मिळून साधारण ११५ हॉर्सपॉवर. बॅटरी अगदी छोटी, पाऊण युनिटची म्हणा, ०.७६. नेक्सॉन ईव्हीच्या छोट्या मॉडेलचीच बॅटरी ३० युनिटची असते, यावरून अंदाज येईल. एवढ्याशा बॅटरीवर लांब जाता येत नाही, तिचं काम वेगळं आहे. तुम्ही ब्रेक मारता किंवा अॅक्सिलरेटरवरून पाय काढता तेव्हा जी शक्ती एरवी ब्रेक तापण्यात वाया जाते, ती ही साठवते आणि पुढच्या सिग्नलला गाडी हलवायला परत देते. म्हणून नवले पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये आमची गाडी निम्मा वेळ इंजिन बंद ठेवून सरकत असते, आणि पहिल्या आठवड्यात सासूबाई दर सिग्नलला विचारायच्या, "बंद पडली का गं?"

मायलेज. कागदावर २७.९७ आहे. टाकी फुल ते टाकी फुल मोजून मला शहरात २२ ते २४ मिळतंय आणि हायवेला २० च्या आसपास. हो, उलटं आहे, शहरात जास्त! कारण हायवेला शंभरने सरळ जाताना ब्रेकच लागत नाही, मग साठवणार काय. आणि आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे कुठल्याही गाडीत थोडा फरक पडणारच. २८ डोक्यात ठेवून घेऊ नका, २२ धरून हिशोब करा.

महिन्याला चारशे किलोमीटर, तेही बहुतेक कोल्हापूर-पुणे हायवेला. हायब्रिड घेऊ का? — एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, नका घेऊ.

हिशोबच मांडते. आमच्या कोटेशनमध्ये स्ट्राँग हायब्रिड आणि साधी ऑटोमॅटिक यात अडीच लाखांचा फरक होता. आमच्या सोसायटीत तीच साधी ऑटोमॅटिक आहे (कागदावर माइल्ड हायब्रिड म्हणतात, पण तिची छोटी मोटर एकटीने गाडी चालवत नाही), तिला हायवेला १७ मिळतं असं शेजारी सांगतात. चारशे किलोमीटरला तिला साडेतेवीस लिटर लागेल, आमचीला वीस. महिन्याला साडेतीन लिटर वाचले, १०४ रुपये भाव धरला तरी पावणेचारशे रुपयेसुद्धा होत नाहीत. अडीच लाख वसूल व्हायला पन्नास वर्षांच्या वर लागतील.

आता आमचं बघा. महिन्याला बाराशे किलोमीटर, त्यातलं हजार निव्वळ पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये. शेजाऱ्यांच्या गाडीला शहरात साडेबारा मिळतं, आम्हाला २२. हजार किलोमीटरला तिला ८० लिटर, आम्हाला ४५-४६. महिन्याला साडेतीन हजार वाचतात, सहा वर्षांत फरक फिटतो, आणि आम्ही गाडी दहा वर्षं तरी वापरतो. म्हणजे एकच गाडी आमच्यासाठी शहाणपणाची आणि तुमच्यासाठी महाग. हे शोरूममध्ये कुणी सांगणार नाही. घ्यायचीच असेल तर साधी ऑटोमॅटिक घ्या आणि उरलेल्या पैशात काकूंना घेऊन भरपूर फिरा.

मित्राच्या हायब्रिडमधून घाट उतरताना अॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं. बिघाड आहे का? तुम्ही चिपळूणला जाता म्हणून विचारतोय. — एक वाचक, रत्नागिरी

दादा, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण पहिल्यांदा चिपळूणच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट उतरताना माझ्या पोटात अगदी असाच गोळा आला होता.

बिघाड नाही. आम्ही पुण्याहून सातारा, मग उंब्रजला हायवे सोडून पाटण, कोयनानगर आणि तिथून घाटमाथा. उतार सुरू झाला की गाडी उतारावरची शक्ती बॅटरीत भरायला लागते, स्क्रीनवर दिसतंच ते. पण बॅटरी एवढीशी, घाट अर्धाही उतरत नाही तोवर भरून जाते. भरली की आता शक्ती ठेवायची कुठे? मग गाडी तीच शक्ती इंजिन नुसतं फिरवण्यात घालवते, पेट्रोल न जाळता. तो आवाज त्याचा. म्हणजे खरं तर ते तुमचे ब्रेक वाचवणं चाललेलं असतं.

आता कामाची गोष्ट. गिअरच्या दांड्यावर डी च्या पुढे बी असतं. आमच्या शोरूमच्या माणसाला विचारलं तर त्याला सांगता आलं नाही, मी मॅन्युअलमध्ये वाचलं. लांब उतारावर बी ला टाकायचं, गाडी जुन्या गाडीत सेकंड गिअरला धरते तशी धरून ठेवते, ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागत नाही. पूर्वी पोफळीला खाली पोचेपर्यंत आमच्या जुन्या गाडीच्या ब्रेकचा वास यायचा, आता येत नाही. सपाट रस्त्याला लागलात की डी ला परत आणा, नाहीतर मायलेज जातं.

आणि उतारावर न्यूट्रल कधीही नाही. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे अजून आहेत, आमचे मामा त्यातलेच. कुठल्याच गाडीत हे करू नये, आणि हायब्रिडमध्ये तर न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही, म्हणजे जे वाचवायला गेलात तेच घालवलंत.

चढताना मात्र खरं सांगते, पाच माणसं आणि सामान घेऊन जोरात दाबली की इंजिनचा आवाज चढतो आणि चढलेलाच राहतो, वेग मात्र सावकाश वाढतो. या गिअरबॉक्सची पद्धतच तशी आहे. नवऱ्याला आधी हे आवडलं नव्हतं, आता तो चढाला हलक्या पायाने चालवतो आणि कुणाची तक्रार नाही. ज्यांना घाटात ओव्हरटेक करायची हौस आहे त्यांनी टेस्ट ड्राइव्ह घाटातच घ्यावी, शोरूमच्या भोवती एक फेरी मारून काही कळत नाही.

डिकी खरंच लहान आहे का? आम्ही सहा जण, लग्नाकार्याला सारखं जाणं होतं. — एक वाचक भगिनी, सोलापूर

लहान आहे. बॅटरी डिकीच्या तळाखाली असल्यामुळे तळ वर आलाय. साध्या मॉडेलची डिकी ३७३ लिटरची आणि हायब्रिडची २६५. आकडा सोडा, माहेरहून येताना काय बसतं ते सांगते, दोन आंब्याच्या पेट्या, एक मध्यम बॅग, आणि कडेला कोकम-फणसपोळीच्या पिशव्या. तिसरी पेटी धाकट्याच्या पायाशी येते आणि सातारा येईपर्यंत त्याची कुरकुर चालू असते. मागची सीट दोन भागांत दुमडते, पण पाच माणसं बसली की त्याचा काय उपयोग.

तुम्ही सहा जण आहात म्हणता, मग ही गाडी तुमच्यासाठी नाहीच हो ताई. तीन रांगांची बघा, अर्टिगा किंवा कॅरेन्स. सहाव्या माणसाला मांडीवर घेऊन लग्नाला जायचे दिवस गेले, आणि सहाव्याला पट्टाही नसतो.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत. अशा गाडीत चढायला त्रास होतो का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आमच्याकडे सासूबाईंचा उजवा गुडघा बदललाय, आणि गाडी आम्ही निम्मी त्यांच्यासाठीच घेतली. हॅचबॅकमध्ये खाली बसायला लागायचं आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागायचा. मोठ्या एसयूव्हीत उलट, पाय वर टाकावा लागतो. इथे सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, त्या आधी टेकतात, मग वळून पाय आत घेतात. कुणाचा हात लागत नाही. पहिल्यांदा स्वतःहून उतरून त्या मंदिराच्या पायरीपर्यंत एकट्या चालत गेल्या तेव्हा मी आणि नवरा गाडीतच बसून राहिलो होतो नुसते बघत.

आम्ही बुकिंगआधी तीन शोरूमना त्यांना सोबत नेलं होतं. सेल्समन पुढची सीट आणि स्क्रीन दाखवत होता, आम्ही त्यांना मागे चार वेळा चढ-उतर करायला लावली. तुम्हीही आईंना न्याच. आणि तिथे पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास बसू द्या. मागची पाठ थोडी मागे कलते, एसीचे झरोके मागेही आहेत, ते त्यांना आवडलं. मोठं काचेचं छत असलेल्या मॉडेलमध्ये मागे डोक्याला जागा थोडी कमी होते, घरात कुणी सहा फुटी असेल तर त्यालाही बसवून बघा.

चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेतलं तर चालतं ना, मागच्या सीटवर? — एक आई, ठाणे

नाही चालत. अजिबात नाही. अचानक ब्रेक लागला तर आपले हात लेकराला धरून ठेवू शकत नाहीत, कितीही घट्ट धरलं तरी. मागच्या दोन्ही कडेच्या सीटना आयसोफिक्सचे हुक आहेत, त्यात चाइल्ड सीट अडकवा. पहिले चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी स्वतःच चढून बसेल. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंडही आहे, पण दंडासाठी करू नका.

आणि मोठ्यांनीही मागे पट्टा लावायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली, त्यात मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेही गेले. गाडी महागातली होती. सहा एअरबॅग आमच्याही गाडीत आहेत, पण पट्टा नसेल तर एअरबॅग तुम्हाला एकटी वाचवत नाही. सासूबाई आधी म्हणायच्या पोटाला आवळतो, आता त्यांचा पट्टा लागल्याशिवाय धाकटा गाडी सुरूच करू देत नाही.

शोरूमने ॲक्सेसरीज आणि इन्शुरन्स सक्तीचा सांगितलाय. खरं आहे का? — पिंपरी, अकोला, ठाणे, सगळीकडून

खोटं आहे. इन्शुरन्स हवाच, पण तो त्यांच्याकडूनच घ्यायचा असं कुठेही नाही. आम्हालाही एका शोरूमने हेच सांगितलं, वर मॅट आणि सीट कव्हरचं पॅकेज आणि हँडलिंग चार्जेस लावले. नवरा हो म्हणणार होता, मी म्हटलं हे सगळं लेटरहेडवर सक्तीचं आहे असं लिहून द्या. लिहून काही दिलं नाही, हँडलिंग चार्जेस मात्र कोटेशनमधून गेले. इन्शुरन्स बाहेरून घेतला, तेच कव्हर, अकरा हजारांनी स्वस्त.

अजून एक, रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी गाडी दिवसाउजेडी जाऊन बघा, रंग, टायर, काचा सगळं, आणि फॉर्म २२ वर (गाडीसोबत कंपनीकडून येणारा कागद) गाडी बनल्याचा महिना-वर्ष वाचा. दिवाळीच्या गर्दीत सात-आठ महिने यार्डात उभी असलेली गाडी हार घालून समोर आणतात आणि मुहूर्ताच्या घाईत कुणी बघत नाही. एकदा नंबर पडला की मग काही बोलता येत नाही.

आम्ही वर्षातून चार महिने मुलाकडे परदेशात असतो. गाडी बंद राहिली तर बॅटरी खराब होईल का? — एक वाचक, डोंबिवली

मोठ्या बॅटरीला कंपनीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तिची एवढी काळजी नको. पण हिच्यात साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडी जागी व्हायला तीच लागते. उभ्या गाडीत ती उतरते. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवायला सांगा, रेडी असं समोर दिसलं की झालं. इंजिनचा आवाज येत नाही म्हणून ते परत परत बटण दाबत बसतील, तेवढं आधी समजावून ठेवा. आणि बंद जागेत नको, इंजिन मधूनच आपोआप चालू होतं, धूर बाहेर जायला हवा.