जुन्या रेसिंग कार्टचं इंजिन गरम झालं की करंट जातो. कॉइल बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फीनिक्समध्ये कुणाच्या तरी गॅरेजमधून साठच्या दशकातली एक कार्ट (रेसची छोटी उघडी गाडी, गो-कार्ट) स्वस्तात मिळाली, मागे मॅकलक कंपनीचं एमसी-१० इंजिन. थंड असताना दोन-तीन दोऱ्यांत सुरू होतं, सात-आठ मिनिटं झकास पळतं, मग फडफडून बंद. अर्धा तास सावलीत ठेवलं की पुन्हा जैसे थे. ओळखीतल्या एकानं कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी तारेची गुंडाळी) गेल्याचं सांगितलं. जुनी कॉइल बऱ्याच डॉलरना मिळतेय, तर घ्यावी का? सोबत लिहिलंत की आरपीएम वर चढल्यावरही ते फडफडतं, आणि विचारलंत की इलेक्ट्रॉनिक चिप बसवू का, मित्राच्या कोमेट इंजिनाचं काय करायचं.

नका घेऊ. निदान आज तरी नको.

मी दोन घेतल्या होत्या. माझ्या पहिल्या एमसी-१०ची तक्रार अगदी हीच होती. पहिली कॉइल बसवली, आठव्या मिनिटाला बंद. वाटलं जुनाच माल, हीपण मेलेली असणार. दुसरी मागवली, पुन्हा आठवं मिनिट. तिसऱ्या शनिवारी इंजिन बंद पडल्या पडल्या वैतागून मी स्टॉप स्विचची वायर उपटली आणि दोरी ओढली, तर प्लगला निळाशार जाडजूड करंट! पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी छोटी जोडी) डबीतून निघालेली ती वायर कव्हरखालून सिलिंडरच्या पंख्यांना चिकटून जात होती. तिच्यावरचं रबर साठ वर्षांत तळलेल्या पापडासारखं झालेलं, बोट लावलं तर चुरा. थंड असताना वायर पंख्यापासून केसभर दूर. इंजिन तापून थरथरायला लागलं की ती हळूच टेकायची आणि करंट सगळा बॉडीला. दोन सेंटच्या वायरसाठी मी दोन कॉइल घेतल्या.

तेव्हापासून माझा नियम एकच. गरम झाल्यावर येणारा दोष गरम असतानाच पकडायचा. इंजिन थंड करून, टेबलावर ठेवून, चहा घेत मीटर लावलात तर सगळे पार्ट चांगलेच दाखवणार.

म्हणून तयारी आधी करा. खिशात प्लगचा पाना आणि एक जुना प्लग ठेवा. त्या प्लगचं बाहेरचं टोक वाकवून गॅप पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडा. नेहमीचा गॅप ठेवून हवेत तपासलं तर मरतुकडी कॉइलसुद्धा ठिणगी टाकते आणि आपण फसतो. सिलिंडरमध्ये दाबाखाली उडी मारणं करंटला जास्त जड जातं, म्हणून हवेत त्याला लांब उडी मारायला लावायची. इंजिन बंद पडलं की मिनिटाभरात प्लग काढा, हा जुना प्लग टोपीत घालून हेडला घट्ट टेकवा आणि दोरी ओढा. टेकवायचाच. प्लग अधांतरी ठेवून इंजिन फिरवलं तर करंटला वाट मिळत नाही आणि तो कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो. आणखी एक, प्लगच्या भोकाजवळ ठिणगी नको. जुने लोक या इंजिनांत मिथेनॉल घालायचे, तुमच्या टाकीत तसलं काही असेल तर त्याची ज्वाला दिवसा दिसतच नाही.

गरम असताना करंट दणदणीत असेल तर हे उत्तर इथेच सोडा. तुमचा दोष पेट्रोलच्या बाजूला आहे: टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं, कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला, नाहीतर क्रँकचं सील हवा ओढतंय. करंट नसेल, तर सगळ्यात आधी स्टॉपची वायर सोडवून पुन्हा बघा. एक पैसा लागत नाही.

तरीही नसेल तर मग फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचं चुंबकवालं चाक, काढायचं. (सांगलीत आमच्या गल्लीतले मेस्त्री याला सरळ 'मॅग्नेट' म्हणायचे.) हे इंजिन म्हणजे मुळात झाडं कापायच्या साखळी-करवतीचंच. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला आर्ट इंगल्सनं पहिली कार्ट बनवली ती वेस्ट बेंडच्या इंजिनावर, आणि १९५९ मध्ये मॅकलकनं आपल्या करवतीच्या इंजिनात फेरफार करून खास कार्टसाठी एमसी-१० आणलं. तुम्ही ॲरिझोनात आहात म्हणजे लेक हवासूला लंडन ब्रिज बघून आला असाल. तो पूल १९६८ मध्ये विकत घेऊन तिथं आणणारा रॉबर्ट मॅकलक तो हाच. सांगायचं कारण, पॉइंट आणि कंडेन्सरसाठी कार्टवाल्यांकडे जाऊ नका, जुन्या करवती दुरुस्त करणाऱ्यांकडे जा. जातकुळी तीच, पण 'व्हिंटेज रेसिंग' हा शब्द नसल्यामुळे भाव निम्म्यावर येतो.

फ्लायव्हील काढताना त्याच्या पंखांखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. एक पंख तुटला की तोल गेला. योग्य पुलर मिळवा. निघाल्यावर आधी चावी बघा, शाफ्टवरची ती अर्धचंद्राकृती. लोकांना वाटतं चावीच फ्लायव्हील धरून ठेवते. धरून ठेवतो तो टेपर, म्हणजे शाफ्टचा निमुळता भाग, चावी फक्त जागा दाखवते. टेपरवर तेल किंवा गंज असेल तर फ्लायव्हील सरकतं, चावी अर्धी कापली जाते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं. असं इंजिन सुरू करताना दोरी हातातून हिसकावून घेतं. चावीच्या दोन अर्ध्या भागांत नखाला लागेल इतकी जरी पायरी आली असेल तरी ती फेका. टेपर दोन्हीकडून स्वच्छ, कोरडा करूनच बसवा.

आता पॉइंट. डबी उघडल्यावर ते बहुतेक वेळा ठीकच दिसतात. दिसतात तेवढंच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पॉइंटवर डोळ्याला न दिसणारा थर बसतो, आणि कॉइलमध्ये पुरेसा करंट भरायला या जोडाचा अडथळा जवळपास शून्य लागतो. त्यावर पॉलिश पेपर मारण्याचा मोह आवरा, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात आणि आठवड्यात पुन्हा जळतात. आमच्या गल्लीत लूना दुरुस्त करणारे एक मेस्त्री होते. शाळेतून येताना मी तासन्‌तास त्यांच्यासमोर उभा असायचो. ते पॉइंट बारीक कानशीनं एकदा सपाट करायचे, मग शर्टाच्या खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढून पॉइंटच्या चिमटीत धरायचे आणि ओढायचे. काळी रेघ उमटली की तिकिटाची दुसरी बाजू. रेघ उमटायची थांबली की झालं. मी आजही तसंच करतो, फक्त तिकिटाऐवजी कोरा कागद ॲसिटोनमध्ये बुडवून.

गॅप ०.०१८ इंच, म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर. फिलर गेज पुसून घ्या, नाहीतर त्याच्यावरचं तेल पॉइंटवर लागून सगळी मेहनत पाण्यात. हा गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंगसुद्धा पुढे जातं. पॉइंटची स्प्रिंगही बोटानं दाबून बघा. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. ९००० आरपीएमला सेकंदाला १५० वेळा तो छोटासा हात उघडतो आणि मिटतो. स्प्रिंग ढिली पडली की तो मिटायच्या आत पुढची वेळ येते. तुमचं इंजिन वर चढल्यावर फडफडतं असं लिहिलंय, त्याचं कारण हे असू शकतं. पण अर्ध्या तासानं बरं होतं, ते स्प्रिंगमुळे नव्हे.

तिथं माझा पहिला संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो, पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्या पोटात घेतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्येच भक्क पांढरी ठिणगी आणि प्लगला पिवळट पोचट काहीतरी. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा दिसला तरी बोट त्याच्याकडेच. जुने कंडेन्सर कागद आणि पत्र्याच्या गुंडाळीचे असतात, आत दमट झालेले. गार असताना बरे, तापले की गळायला लागतात. हेअर ड्रायरनं पाच मिनिटं तापवून मीटर लावा, आकडा ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास टिकतो का बघा. टिकला तरी मी बदलतोच. 'न वापरलेला ओरिजिनल, बंद डबीत' असं लिहिलेला १९६२ सालचा कंडेन्सर विकत घेऊ नका. डबी बंद असली म्हणून कागद म्हातारा व्हायचा थांबत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर (कंडेन्सरचंच दुसरं नाव) घ्या, कव्हरखाली जिथं हवा लागते तिथं बसवा आणि बॉडीची वायर रंग खरवडून घट्ट करा. दोन डॉलरचं काम. शोमध्ये मांडायची कार्ट असेल तर जुनी डबी नावाला तशीच ठेवा, कुणाला कळत नाही.

एवढं करूनही आठव्या मिनिटाला बंद पडलं, तर आता कॉइल. ती खरोखर जातेही, तसं नाही. आतली दुसरी वेटोळी केसाएवढ्या तारेची असतात, तापून प्रसरण पावताना तार तुटते किंवा इन्सुलेशन फुटतं. मीटरवर तिथं काही हजार ओहम दिसतात. ड्रायरनं तापवताना आकडा उड्या मारायला लागला की निकाल लागला. पण आकडा स्थिर राहिला तरी इन्सुलेशन फुटलेलं असू शकतं, त्याला मीटर पकडू शकत नाही. प्लगच्या वायरीची शंका असेल तर रात्री गॅरेजचा दिवा घालवून कुणाला तरी दोरी ओढायला सांगा. वायर जिथं फुटली असेल तिथून निळी ठिणगी बॉडीवर पडताना दिसते. बसवताना कॉइलचे पाय आणि फ्लायव्हीलचं चुंबक यांत ०.०१० इंच अंतर, दोन्हींवरचा गंज काढून. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून चालतं. लग्नपत्रिका नको, आपल्या लग्नपत्रिका फार जाड असतात.

पॉइंट काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक चिप बसवण्याबद्दल विचारलंत. चालतं, मी एका इंजिनावर बसवलीय. पण तिच्यामुळे टायमिंग थोडं हलू शकतं, आणि वायर उलट लागली तर करंट येतो तोही नको तेव्हा. आधी हे इंजिन पॉइंटवर नीट चालवा, मग हौस करा.

तुमच्या मित्राच्या इटालियन कोमेट इंजिनावर मोटोप्लाट इग्निशन आहे, तिथं वरचं काहीच लागू नाही. मोटोप्लाट स्पॅनिश, पॉइंटशिवायचं, सगळं राळेत ओतून बंद केलेलं. पुसायला, घासायला आत काही नाही. तापल्यावर करंट जात असेल तर आतली तार गेली. ती राळ फोडून पुन्हा गुंडाळणारे लोक आहेत, नाहीतर जर्मन पीव्हीएल कंपनीचा सेट बसवायचा. फक्त त्याला सांगा, रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटरची (स्थिर भाग) भोकं पिन घालून जुळवल्याशिवाय आणि पिस्टन डायल गेजनं मोजल्याशिवाय नट आवळू नकोस. अंदाजानं आवळलेल्या टायमिंगनं पिस्टनला भोक पडलेलं मी पाहिलंय.

या शनिवारी वायर आणि कंडेन्सर एवढंच करून बघा आणि काय झालं ते खाली लिहा. कॉइल खरंच गेलेली निघाली तर विकत घेऊ नका. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन चांगल्या पडून आहेत.